सक्रियित कोळशाने पाण्यातील जड धातू काढणे

पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांचे आयन (विद्युतभारित कण) सक्रियित कोळशाच्या पृष्ठभागावर धरून ठेवून पाणी शुद्ध करण्याची पद्धत. पाणी उकळून हे धातू जात नाहीत. पाणी आटेल तशी त्यांची तीव्रता वाढतेच. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

नारळाच्या करवंट्या, लाकूड किंवा दगडी कोळसा हवा लागू न देता तापवतात आणि मग सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सियसला त्यावर वाफ सोडतात. वाफ कोळसा आतून पोखरते आणि एका ग्रॅमला साधारण ५०० ते १,५०० चौ.मी. पृष्ठभाग मिळतो. धातूंच्या बाबतीत मात्र एवढ्या आकड्यावर भुलू नये. क्लोरीनची चव, वास, कीटकनाशके यांचा बंदोबस्त साधा कोळसाही करतो. पण धातूच्या विद्युतभारित आयनाला धरायला पृष्ठभागावर कार्बॉक्सिलसारखे ऑक्सिजनयुक्त गट लागतात. ते वाढवण्यासाठी कोळशावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करतात. पाऱ्यासाठी गंधक चढवतात. घरच्या फिल्टरमुळे पाण्याची चव सुधारली, म्हणजे शिसेही गेले असे धरून चालणे धोक्याचे आहे.

पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो ७ च्या जितका खाली तितके पाणी आम्लधर्मी) निर्णायक ठरतो. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयनच कोळशावरच्या धातू धरणाऱ्या जागा बळकावतात, म्हणून शिसे काढायला ५ ते ६ च्या आसपासचा सामू सोयीचा. षट्संयुजी क्रोमियमचे (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचे) उलटे आहे. मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील पिवळसर सांडपाण्यात ते ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असते आणि २ ते ३ सामूला, धनभारित झालेल्या कोळशाकडे ओढले जाते. तिथे कोळसा त्याला इलेक्ट्रॉन देतो व त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम होते. पण त्यातले बरेचसे आम्लधर्मी पाण्यात विरघळलेलेच राहते. पिवळेपणा गेला म्हणून थांबू नये. एकूण क्रोमियम तपासावे आणि चुना घालून उरलेले साक्याच्या रूपात काढावे.

वापरलेला कोळसा हा या पद्धतीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. धातू त्यात साठतात, नष्ट होत नाहीत. आम्लाने धुतल्यास बरेच सुटतात, पण ते धुवण पुन्हा विषारीच. असा कोळसा उघड्यावर टाकला तर धातू पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरू शकतात आणि पारा धरलेला कोळसा भट्टीत तापवला तर पारा वाफ होऊन हवेत जातो.