सहा नंबरचा पाइप आणि हरवलेली रिटर्न लाइन: पार्श्वभूमी

आजच्या गाडीत बाहेरून आणलेला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचं प्रेशर ठरलेल्या आकड्यावर राखणारी डबी) बसवायला घेतला की आधी रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) शोधावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत ती सापडत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ती होती. ती का गेली आणि तिच्या जागी नवी ओढताना लागणाऱ्या जाळीच्या पाइपांच्या मापांत एवढा गोंधळ का, याचा हा मागोवा.

होंडा सिटी आणि सँट्रो 1998 मध्ये आपल्याकडे इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने दाबाखाली पेट्रोल फवारण्याची पद्धत) घेऊनच आल्या. पुढच्या वर्षी 29 एप्रिलच्या न्यायालयीन आदेशाने राजधानी परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना 1 जून 1999 पासून युरो 1 (धुराच्या प्रदूषणाचा निकष) आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो 2 ची अट लागली. मग कार्बोरेटरवर चालणारी ओळखीची मॉडेलंही एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) होऊन शोरूममध्ये परतली. गॅरेजवाल्यांनी अडीच-तीन बारचं पेट्रोल हाताळलं ते तेव्हापासून. त्याआधी मेकॅनिकल पंपाचं प्रेशर पाव बारच्या आसपास असायचं. पाइपावर जुबली क्लिप आवळली की काम झालं. सैल राहिली तर थेंब गळायचा. इंजेक्शनच्या लाइनमधून मात्र थेट फवारा उडतो, आणि समोर तापलेला एक्झॉस्ट असतो.

त्या पिढीतल्या अनेक गाड्यांत रेग्युलेटर रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, टोकालाच असे. दोन बोल्टवर बसलेली गोल डबी, वर मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडून) येणारी व्हॅक्युमची बारीक नळी, खालून टाकीकडे जाणारी रिटर्न. डबी काढून तिथे अडॅप्टर लावायचा, पाइप टाकून गेजवाला रेग्युलेटर फायरवॉलवर बसवायचा, रिटर्न पुन्हा जोडायची. एका दुपारचं काम. चूक व्हायची ती सेटिंगमध्ये. व्हॅक्युमची नळी काढून 3 बार लावायचं असतं. नळी जोडली की आयडलवर (गाडी उभी, इंजिन सुरू) काटा अडीचच्या जवळ उतरतो. नळी तशीच ठेवून आयडलवर 3 लावलं, तर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर साडेतीन बार मिळतं. इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे 8 टक्के जादा पेट्रोल. गाडी काळा धूर टाकत परत येते आणि दोष इंजेक्टरला दिला जातो.

ही नळी पहिल्यापासून नव्हती. 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या 1600 मॉडेलवर अमेरिकेत जी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आली, तिचं प्रेशर साधारण 2 बारवर कायम होतं आणि मॅनिफोल्डचा हिशेब कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, करत असे. 1974 च्या सुमारास हवा मोजणारी पुढची प्रणाली आली, तेव्हा रेग्युलेटरला मॅनिफोल्डशी जोडलं गेलं. इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला फरक त्यामुळे सदैव सारखा राहू लागला. टर्बो बसवणाऱ्यांना ही जोडणी वरदान ठरली: बूस्ट (टर्बोने रेटलेल्या हवेचा दाब) जेवढा वाढेल तेवढंच पेट्रोलचं प्रेशरही चढतं. पुढे एकास दहा-बारा पटीने प्रेशर चढवणारे रेग्युलेटरही निघाले, इंजेक्टर न बदलता पेट्रोल वाढवण्यासाठी. ती पळवाट होती. पंपाचा दम तिथेच संपतो.

1990 च्या दशकात अमेरिकेत टाकीतून उडणाऱ्या वाफांवरचे नियम कडक झाले आणि 1996 च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. रेलपर्यंत जाऊन, इंजिनची धग घेऊन परत आलेलं पेट्रोल टाकी तापवतं, आणि तापलेल्या टाकीतून वाफ जास्त निघते. उपाय निघाला तो रेग्युलेटर टाकीत नेण्याचा. इंजिनकडे एकच लाइन, प्रेशर 3 ते 4 बारच्या दरम्यान ठरलेलं, आणि मॅनिफोल्डचा हिशेब पुन्हा कंट्रोल युनिटकडे. एक पाइप वाचला, सांधे कमी झाले, खर्चही उतरला. म्हणून हा निर्णय हवेसाठी की बचतीसाठी, हा वाद या धंद्यात अजून रंगतो. आमच्या मते हवेचं कारण खरं आहे आणि निर्णय योग्य होता. पण त्याची किंमत पुढच्या दुरुस्त्यांनी मोजली. आता बाहेरचा रेग्युलेटर लावायचा तर टाकीतला मूळ रेग्युलेटर बंद करावा लागतो, नाहीतर प्रेशर त्याच्या वर चढतच नाही. शिवाय परतीसाठी पंपाच्या झाकणातून नवी वाट काढावी लागते. ते झाकण गाडीवर असताना ड्रिल लावणं म्हणजे आगीला बोलावणं. ते बाहेर काढून, वाफ जाऊ देऊन, टेबलावरच भोक पाडायचं.

आता पाइप. इथे एका शब्दाने जेवढं नुकसान केलं आहे तेवढं खराब मालानेही केलं नसेल. तो शब्द म्हणजे ‘सहा नंबर’.

हा नंबर विमानांतून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्कराने आणि नौदलाने विमानांच्या जोडण्यांसाठी सामायिक मापं वापरात आणली. दोघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एएन’ म्हणून ओळखली गेली. युद्धानंतर हे सामान शर्यतीच्या गाड्यांवर चढलं आणि तिथून रस्त्यावर आलं. नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. सहा नंबर म्हणजे सहा सोळांश, आपल्या भाषेत तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सुतात मोजणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही: नंबराचे निम्मे सूत. चार म्हणजे दोन सूत, आठ म्हणजे चार सूत, अर्धा इंच.

पण तीन सूत कशाचे? धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे. जाळीच्या रबरी होजचं आतलं भोक सहा नंबरात पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, टेफ्लॉनच्या होजचं साधारण 8. आणि हायड्रॉलिकच्या दुकानात, जेसीबीच्या होज प्रेस करून मिळतात तिथे, नेहमीच्या तारेच्या होजचा सहा नंबर म्हणजे खरोखर आतून तीन सूत, साडेनऊ मिलिमीटर. एकच आकडा, एकाच काउंटरवर, वेगवेगळी भोकं. रबरी होजची फिटिंग टेफ्लॉनच्या होजला चालत नाही हे आणखी वेगळं. हायड्रॉलिकची होज कितीही जाड असली तरी तिचं आतलं रबर ऑइलसाठी असतं. पेट्रोलमध्ये ते फुगतं. अडीचशे बारची होज तीन बारला का चालणार नाही, असं गिऱ्हाईक विचारतं. प्रेशर ती सहज सोसेल, पेट्रोल सोसणार नाही.

नंबराने आट्यांचा पत्ताही नीट लागत नाही. सहा नंबरच्या जोडणीचे आटे नऊ सोळांश इंचाचे, इंचाला 18, आणि जोडणीच्या तोंडाच्या शंकूचा कोन 37 अंश. त्याच्या अगदी शेजारी 14 मिलिमीटर, दीड पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर) मेट्रिक आटा बसलेला आहे. दोन-तीन फेरे गोडीत जातात, मग अडकतं. पाना लावून रेटलं की ॲल्युमिनियमचे आटे गेले. कोनाचंही तसंच. गॅसच्या आणि एसीच्या फ्लेअर जोडण्या 45 अंशांच्या. आठ अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट घट्ट आवळला जातो, आणि रात्रभरात गॅरेजमध्ये वास सुटतो.

गेजच्या भोकाची कथा आमच्या हातून घडलेली आहे. रेग्युलेटरच्या बॉडीवर गेजसाठी एक सूत एनपीटी (अमेरिकन निमुळता आटा) होतं, इंचाला 27 आटे. दुकानातून आलेलं गेज एक सूत बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा), इंचाला 28. फरक एका आट्याचा. टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवलं, घट्ट लागलं, गाडी सोडली. चौथ्या दिवशी गेजच्या मुळाशी ओल दिसली. काढलं तेव्हा बॉडीचे आटे भुगा होऊन टेपसोबत बाहेर आले आणि अख्खा रेग्युलेटर टाकून द्यावा लागला. दुकानदाराने जे मागितलं तेच दिलं होतं; चिठ्ठीवर आम्ही फक्त ‘एक सूत’ लिहिलं होतं. तेव्हापासून चिठ्ठीवर नंबर लिहीत नाही. आट्याचा व्यास, इंचाला किती आटे आणि कोन, एवढं लिहितो. या धंद्यात सगळ्यांनीच तसं लिहावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आणि टेप फक्त निमुळत्या आट्यावर. शंकूच्या जोडणीवर टेप लावली तर ती काही सील करत नाही. तिचे तुकडे इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात.

टेफ्लॉनची होज जुळवताना कापण्याआधी वर टेप आवळून गुंडाळतात, म्हणजे तारा पिसारल्या जात नाहीत. एक तार जरी नखाखाली गेली तरी दिवस वाया जातो. कापल्यावर जाळी मागे सारून पितळी ऑलिव्ह (सील करणारी छोटी कडी) जाळी आणि आतल्या नळीच्या मध्ये शिरवायचा. एकही तार ऑलिव्हच्या आत राहता कामा नये. नट फिरवण्याआधी आट्याला तेलाचा थेंब द्यायचा, नाहीतर ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला धरून बसतं. साध्या पांढऱ्या टेफ्लॉनमधून पेट्रोल वाहताना स्थिर वीज साठते आणि ठिणगी नळीला सुईएवढं भोक पाडू शकते, म्हणून पेट्रोलला आतून काळी, कार्बनयुक्त नळी घेतात.

टेफ्लॉनला मागणी येण्यामागे गेल्या काही वर्षांतलं मोठं कारण इथेनॉल आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाडचे. जानेवारी 2003 मध्ये 9 राज्यांत आणि 4 केंद्रशासित प्रदेशांत मिश्रण सुरू झालं. जून 2022 मध्ये देशाची सरासरी 10 टक्क्यांवर पोचली, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्क्यांचं पेट्रोल विक्रीला आलं, आणि 20 टक्क्यांचं जे उद्दिष्ट आधी 2030 साठी होतं ते 2025 मध्येच गाठलं गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये जुन्या गाड्यांच्या रबरावरून आणि ॲव्हरेजवरून मोठा वाद झाला. त्यावरची याचिका 1 सप्टेंबरला फेटाळली गेली.

उसाला दर मिळावा हे या राज्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण 2000 सालच्या गाडीचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. इथेनॉलने साधं नायट्राइल रबर फुगतं, आणि मूळ रेग्युलेटरमधला पडदाही रबरी कापडाचाच असतो. म्हणून त्या काळातली गाडी आली की आम्ही मापं घेण्याआधी रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी उपसून तिचं तोंड बोटाने पुसून बघतो. पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटलेला आहे आणि इंजिन त्या नळीतून पेट्रोल ओढतंय. पाइपांची चिठ्ठी त्यानंतर लिहायला घेतो.