नातवंडांसाठी गोधडी : साड्या आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे गोधडी शिवून घ्यायला येणाऱ्यांत आजी-आजोबाच जास्त. कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते, कुणाचा नातू डोंबिवलीत असतो, कुणाची नात न्यू जर्सीत. पिशवीत चार-पाच साड्या असतात, एखादं धोतर असतं, आणि प्रश्न ठरलेला : "यातून काय होईल हो?" दुकानात गर्दी असली की नीट बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक. दर वेगळ्या कागदावर आहेत, तो मागून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नातवंडाची गोधडी कपाटात घडी घालून ठेवायला करू नये. ती जमिनीवर अंथरली जाणार, फरफटत ओढली जाणार, तिच्यावर दूध सांडणार, शू होणार, पुढे दोन खुर्च्यांवर टाकून तिचा तंबू होणार. दर आठवड्याला धुतली तरी टिकेल आणि दिवसभरात वाळेल, अशीच ती हवी. आमचे सगळे सल्ले या एका हिशेबाने दिलेले आहेत. दिवाणखान्यात मिरवायची गोधडी हवी असेल तर तीही करतो, पण तसं सुरुवातीलाच सांगा.

कोणती साडी आणावी

सुती, आणि नेसून नेसून मऊ झालेली. कोरं कापड खरखरीत असतं, त्यातली खळ निघालेली नसते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. वीस वर्षं वापरलेलं पातळ जेवढं आटायचं तेवढं आटून चुकलेलं असतं. लहान बाळाच्या अंगाला आपल्याकडे पहिल्यापासून जुनं कापड लावतात ते उगाच नाही.

मात्र मऊ आणि विरलेलं यात फरक आहे. साडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. नुसती जाळी दिसली तर ती आतल्या थरात चालते. ताणताना 'टर्र' वाजलं तर ती आतही घालू नका. धुताना तिचे गोळे होतात आणि गोधडी जागोजागी टणक लागते. बहुतेक साड्या नेसताना जिथे पाय आणि टाच लागते तिथे, म्हणजे खालच्या काठाजवळ विरतात. तेवढा भाग काढला की बाकीची चांगली निघते.

सुती म्हणून आणलेल्या साड्यांत पॉलिस्टरची मिसळ पुष्कळदा निघते. घरच्या घरी ओळखायचं असेल तर काठाजवळचे दोन-तीन धागे उपसा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. मिसळीच्या साड्या आम्ही लहान मुलांच्या गोधडीत घेत नाही. त्या घाम शोषत नाहीत, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात.

इरकल आणताना जरा जपून. तिचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी असतो आणि तो अंगाला विणतानाच जोडलेला असतो. दोन्ही भाग धुण्यात वेगवेगळे वागतात, म्हणून पदर वेगळा काढूनच वापरतो. शिवाय तिच्या तांबड्या काठाचा रंग बऱ्याचदा जातो. कोणत्याही गडद साडीचा रंग असा तपासा : पांढरा रुमाल ओला करून पिळा, काठावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर साडी वेगळी ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात, पण कापडावर बसलेला कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. वेगळ्या बादलीत पुन्हा पुन्हा धुऊन सुटा रंग काढून टाकणे एवढाच उपाय, आणि तरीही पाणी रंगीतच येत राहिलं तर ती साडी गोधडीत नको.

पैठणीबद्दल रोज विचारतात. तिच्यातली जरतार बाळाला टोचते, जरीचे धागे सुटतात, आणि जुनं रेशीम घडीवर चिरतं. धडधाकट पैठणी आम्ही कापतच नाही. कुणीतरी नेसेल ती. घडीवर पार फाटलेली असेल तर काठाचा एखादा तुकडा मोठ्या मुलाच्या गोधडीच्या कोपऱ्याला लावून देतो, चेहऱ्यापासून लांब.

आजोबांचं धोतर असेल तर जरूर आणा. इतकं चांगलं अस्तर विकत मिळत नाही. नाहीच मिळालं तर इचलकरंजीचं पांढरं सुती कापड दोनदा धुऊन लावतो.

बऱ्याच जणांकडे गेलेल्या माणसाच्या साड्या असतात : आईच्या, सासूबाईंच्या, बायकोच्या. त्या घरातल्या सगळ्यांना विचारून आणा. बहिणीला न विचारता आईची साडी कापली आणि मग बोलणं बंद झालं, असे प्रकार आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहिले आहेत. अशा साड्या आम्ही घेतल्यावर दोन दिवस तशाच ठेवतो. मन बदललं तर फोन करा, पैसे परत. कात्री लागल्यावर मात्र आमचाही इलाज नाही.

किती साड्या लागतात

सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची धरू. बाळाची गोधडी, म्हणजे मोठं दुपटंच, आम्ही ३६ बाय ४५ इंचांची करतो. एका साडीत तिचे सहा थर बसतात. विरलेला भाग वगळला तरी चार-पाच. म्हणजे बाळाला एक साडी पुरे. नऊवारी असेल तर दोन नातवंडांचं भागतं.

चार-पाच वर्षांच्या मुलाची ४५ बाय ६० इंचांची गोधडी पाच थरांची केली तर दोन साड्या. एकेरी पलंगाची ६० बाय ९० इंचांची तशीच केली तर हिशेबाने तीन, पण काटछाट धरून चार आणा. तिचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं. विमानाने नेणाऱ्यांनी बॅगेचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

पाचाहून जास्त थर घालू नका, असा आमचा आग्रह असतो. आठ-आठ थरांच्या वाकळा पूर्वी घरोघर होत्या, पण त्या वर्षातून एकदा नदीवर किंवा विहिरीवर धुवायच्या होत्या. फ्लॅटच्या बाल्कनीत तेवढी जाड गोधडी दोन दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास येतो. सेंट्रल हीटिंगच्या घरात जाणार असेल तर तीनच थर.

नातवंडं एकाहून जास्त असतील तर एकाला लग्नातला शालू आणि दुसऱ्याला रोजचं पातळ असं करू नका. सगळ्या सुती साड्यांचे तुकडे सगळ्या गोधड्यांत घालून घ्या. आज ती तान्ही आहेत म्हणून चालतं, दहा वर्षांनी ती बरोब्बर विचारतात.

वर्षाच्या आतलं बाळ

इथे आम्ही थोडं कडक बोलतो. बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपेत त्याच्या अंगावर किंवा आजूबाजूला सैल पांघरूण, उशी, मऊ गादी असू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तोंडावर आलेलं कापड बाळाला बाजूला करता येत नाही. म्हणून बाळाची गोधडी जागेपणी वापरायची : मांडीवर घेताना, मालिशीनंतर, पालथं पडून खेळायला. झोपताना ती बाजूला. "आम्ही नाही का वाढवली पोरं?" असं आजी म्हणतात आणि सून आमच्याकडे बघते. या बाबतीत आम्ही सुनेच्या बाजूचे आहोत.

याच कारणाने बाळाच्या गोधडीला टिकल्या, आरसे, मणी, घुंगरू, लेस, लोंबती फुलं काही लावत नाही. मागूनही लावत नाही. हौस भागवायची असेल तर कोपऱ्यात साखळी टाक्याने नाव आणि साल घालून देतो.

आणि डांबरगोळ्या. जुन्या ट्रंकेतल्या साड्यांना त्यांचा वास हमखास असतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही उणीव आपल्या बाळाला आहे की नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. तेव्हा अशा साड्या दोनदा धुऊन, चार-पाच दिवस उन्हा-वाऱ्यात टाकूनच आणा. तरीही वास राहिला तर आम्ही त्या बाळासाठी घेत नाही. तयार गोधडी ठेवायला कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी बस झाली. खळ घालून मात्र ठेवू नका, खळीवर कसर येते.

टाके तुम्हीच घाला

पूर्ण गोधडी आम्ही शिवून देतो, हाताची आणि मशीनची दोन्ही. पण नातवंडासाठी असेल तर आम्ही तिसरा मार्ग सुचवतो : मांडून दिलेली गोधडी. अवघड काम आमचं, टाके तुमचे.

अवघड काम मांडणीचं असतं. अस्तर सतरंजीवर ताणून पसरतात, चारही कडांना वजन ठेवतात. त्यावर एकेक थर. प्रत्येक थर मधून बाहेर, तळहाताने दाबत दाबत सारखा करायचा. खालच्या थरात एक चुणी राहिली तरी ती शेवटपर्यंत बोटाला लागते. वर तुमच्या आवडीची साडी, काठ आडवे-उभे लावून. मग लांब लांब कच्चे टाके, तेही मधून सुरू करून कडेकडे. आमच्यातल्या जुन्या बायका कच्चे टाके न घालता एका कडेने सरळ धावदोरा सुरू करतात आणि थर तसूभर हलत नाहीत. तो हात वर्षांचा आहे. गुडघे धरलेल्या आजींनी जमिनीवर बसून ती खटपट करू नये, एवढ्यासाठी ही सोय.

घरी नेल्यावर मांडीवर घेऊन नुसता धावदोरा घालायचा. इंचाला तीन-चार टाके पडावेत. टाका अर्ध्या इंचाहून मोठा झाला की त्यात मुलांच्या पायाची बोटं अडकतात. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. त्याहून जास्त ठेवलं तर धुताना थर सरकतात. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला तर गुंता होतो. गाठ वर ठेवू नका, थरांच्या मध्ये ओढून घ्या. ओळ वाकडी गेली तर उसवत बसू नका. सरळ ओळी हव्या असत्या तर मशीनवर घातल्या असत्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा व्हायच्या असलेल्या आजींसाठी गडद साडीवर पांढरा आणि फिक्या साडीवर लाल दोरा देतो, म्हणजे टाका दिसतो. सुया ओवून देतो, सोबत अंगुस्तान आणि सुई ओवायची तार. सुया मोजून देतो आणि मोजून परत घेतो. एक जरी कमी भरली तरी गोधडीवरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती घरी जात नाही, मग तुम्हाला कितीही घाई असो.

सगळी जमली नाही तर मधला चौकोन तेवढा भरा, बाकीची आम्ही पुरी करू. आजोबांनाही बसवा. शर्टाचं बटण ज्यांना लावता येतं त्यांना धावदोरा जमतो.

धुणं

थंड पाणी, साधा साबण, ब्लीच नाही. मशीनमध्ये टाकायची तर जाळीच्या पिशवीत घालून हलक्या फेऱ्यावर. ड्रायरमध्ये टाकू नका; परदेशी लेकी-सुनांना हे मुद्दाम सांगा, कारण तिथे सगळं आपोआप ड्रायरमध्ये जातं आणि हातचा दोरा तिथेच तुटतो. दोरीवर एका टोकाने लोंबकळत ठेवू नका, दोन दोऱ्यांवर पसरा. उलट्या बाजूने ऊन द्या म्हणजे वरचा रंग टिकतो.

वेळ आणि दुरुस्ती

मांडून दिलेली गोधडी आठवडाभरात मिळते. हाताने पूर्ण शिवायची असेल तर महिना धरा, आणि दिवाळीला द्यायची असेल तर साड्या गणपतीच्या आधी आणा. बारशाला हवी म्हणून बारशाच्या आदल्या आठवड्यात येऊ नका. तेव्हा मशीनची मिळेल, हाताची नाही. पावसाळ्यात साड्या धुऊन घेण्याचं काम आम्ही करत नाही, वाळत नाहीत. त्या घरूनच धुऊन, कोरड्या आणा. उरलेले तुकडे पिशवीत घालून परत देतो, नको असतील तर तसं पावतीवर लिहून द्या.

फाटली, उसवली, कुत्र्याने ओढली तर ठिगळ लावून देतो. आमच्याकडे शिवलेल्या गोधडीला पहिल्या वर्षी ठिगळाचे पैसे नाहीत. दुसरीकडची किंवा घरची जुनी गोधडीही दुरुस्तीला घेतो, फक्त आणण्याआधी दिवसभर उन्हात टाकून झटकून आणा.