ताप उतरतो, पण म्हातारं माणूस लवकर उठत का नाही?

२००६ ची चिकनगुनियाची साथ बीड, लातूर अन् तेव्हाच्या उस्मानाबादकडं कुणी विसरलं नसेल, एकेका घरात सगळेच आडवे, पण पोरं पंधरवड्यात शेतात गेली आणि आज्या मात्र दिवाळी उलटली तरी भिंत धरून मोरीपर्यंत जायच्या, मूठ वळत नव्हती, भाकरी थापणं तर लांबच. डॉक्टरला विचारलं तर ठरलेलं उत्तर, वय झालंय आता. आपल्या भागाला हा आजार तसा नवा नव्हता, १९७३ ला शेजारी बार्शीत मोठी साथ येऊन गेली होती, मग तीसेक वर्षं गायबच. पंचेचाळिशीच्या पुढच्यांचे सांधे जास्त दिवस दुखतात हेही नंतर अभ्यासांत दिसलं.

पण वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, ती बिनकामाचीच असं डॉक्टर लोक कितीतरी वर्षं धरून चालले होते. १९६१ ला जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती काढली तर उंदरं साध्या संसर्गानं मरायला लागली, तेव्हा कळलं की टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तिथंच तयार होतात. आणि हीच ग्रंथी वयात आल्यापासून आकसत जाते, म्हातारपणी तिथं बहुतेक चरबीच उरते. म्हणजे जुन्या ओळखीच्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, नव्या जंतूसाठी कोऱ्या पेशी कमी पडतात. १९६९ ला रॉय वॉलफर्ड यांनी म्हातारपणाचा प्रतिकारशक्तीशी संबंध जोडणारं पुस्तकच लिहिलं.

इथपर्यंत सगळा हिशोब 'शक्ती कमी झाली' असाच होता, आणि आजही काढे-पावडरी विकणारे त्याच्याच जिवावर धंदा करतात. २००० साली इटलीच्या क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी उलटी बाजू मांडली, की वयाबरोबर अंगात बारीक सूज कायमच धुमसत राहते. मला हे जास्त पटतं, कारण आज्यांना ताप नव्हता, रक्तातून विषाणूही गेलेला, त्रास होता तो न विझणाऱ्या सुजेचा.

२०२० ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी हे जवळून बघितलं. तरुण अन् म्हाताऱ्या स्वयंसेवकांच्या हातावर कातडीत मेलेले जंतू टोचले, सूज दोघांनाही आली, पण तरुणांची लवकर ओसरली अन् म्हाताऱ्यांची रेंगाळली, कारण मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करणाऱ्या पेशीच त्यांच्यात सुस्तावलेल्या. पी-३८ नावाचं प्रथिन अडवणारं औषध दिल्यावर ही सफाई पुन्हा नीट चालू झाली. अर्थात हे सगळं धडधाकट माणसांवर, हाताच्या कातडीपुरतं, गुडघ्याच्या दुखण्यावर आपल्याकडं अजून पॅरासिटामॉल अन् शेकणंच चालू आहे.