मुलूख मैदान तोफ घंटेसारखी का वाजते?

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. आपल्याकडच्या शाळांच्या सहली गोल घुमटातले पडसाद ऐकायला हमखास तिकडे जातात. पण आवाजाचं मला त्याहून आवडणारं कोडं आहे शेर्झा बुरुजावर. तिथल्या मुलूख मैदान तोफेवर बोटांनी टकटक केली, की ती घंटेसारखी घुमते.

ही तोफ 1549 साली अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी या ओतारीने घडवली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये विजापूरला नेली. वाटेत भीमा पार करायची होती! दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते असं सांगतात. आकडे ऐकीव असले, तरी वजनाचा हिशोब आपल्याला मांडता येतो. लांबी सुमारे साडेचार मीटर, बाहेरचा व्यास दीड मीटर, आतल्या नळीचा 70 सेंटिमीटर. म्हणजे धातू भरला सहा घनमीटरच्या आसपास. तोफ कांशाची, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूची; कांसं पाण्याच्या 8.7 पट जड, तेव्हा पन्नास टनांच्या वर सहज जातं. पुस्तकांत 55 टन दिलेलं असतं, ते पटण्यासारखं आहे.

गाईड तिला पंचधातूची म्हणतात. धातूची तपासणी मात्र वेगळं सांगते: सुमारे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. एरवी तोफांच्या कांशात कथील दहा टक्क्यांच्या आसपास ठेवत, कारण ते वाढलं की धातू कडक होतो, पण ठिसूळही होतो, आणि बार उडताना नळी फुटण्याची भीती असते. वीस टक्के हे प्रमाण घंटेचं. तळपायाला तूप चोळायची आपली काशाची वाटीही साधारण याच मिश्रणाची. असा कडक धातू ठोकल्यावर त्यातली कंपनं लवकर विरत नाहीत, म्हणून नाद रेंगाळतो. ठिसूळपणावर रूमीकडे उपाय होता तो जाडीचा: नळीभोवती चाळीसेक सेंटिमीटर धातू आहे. त्यात कथीलच अकरा टन! आपल्याकडे कथलाच्या खाणी नगण्य, ते मलायाच्या बाजूने जहाजांतून येई. एका तोफेसाठी एवढा साठा जमवणं ही मला तोफ ओतण्याइतकीच मोठी करामत वाटते.

ती उन्हातही गार लागते, याचंही नवल करतात. कारण तिच्या वजनातच आहे. आपल्या घरांवरचा पत्रा उन्हाने मिनिटांत तापतो. इथे पृष्ठभागावरची उष्णता धातू लगेच आत ओढून घेतो आणि आत टनावारी माल पडलेला असतो. सगळी तोफ एका अंशाने तापवायला जवळपास सहा युनिट विजेइतकी ऊर्जा लागते, म्हणून उन्हात ती तासाला एखाद-दुसराच अंश चढते. रात्रभर गार झालेली तोफ दुपारपर्यंत हाताला थंड लागणारच.

बत्ती देऊन गोलंदाज आवाजापासून कान वाचवायला शेजारच्या हौदात बुडी मारायचा, अशीही दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, युक्ती शास्त्रशुद्ध आहे: हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत शिरतो, उरलेला परत फिरतो.

तोफेचं तोंड जबडा वासलेल्या सिंहाचं आहे आणि त्याच्या दातांत एक चिमुकला हत्ती सापडला आहे. 1854 मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली. बोली आली 150 रुपये. एवढ्या कमी किमतीला तिथल्या अधिकाऱ्याने ती विकली नाही, म्हणून ती आज बुरुजावर आहे.