टिकलीभोवतीचं वर्तुळ

चपट्या काचेच्या बशीत जंतूंची पातळ साय धरलेली असते. तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. एका टिकलीभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ दिसतं: तिथे जंतू वाढले नाहीत, औषध लागू पडतंय. शेजारच्या टिकलीला मात्र जंतू अगदी कडेपर्यंत भिडलेत. गर्भवतीच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू बशीत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, अशा निकामी टिकल्या वाढल्या की काळजी जास्त वाटते, कारण तिच्यासाठी औषधांचा डबा आधीच अर्धा रिकामा असतो.

टेट्रासायक्लिननं बाळाच्या दातांवर डाग पडतात, म्हणून ते बाद. ट्रायमेथोप्रिम फॉलिक ॲसिडच्या आड येतं, म्हणून पहिले तीन महिने टाळायचं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटालाही डॉक्टर शक्यतो हात लावत नाहीत. उरतात मुख्यतः पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनची घराणी, फॉस्फोमायसिन आणि नायट्रोफ्युरंटॉइन. त्यातलं नायट्रोफ्युरंटॉइनही दिवस भरत आले की नको. आणि नेमकी पहिली दोन घराणीच ई. कोलाय, म्हणजे लघवीच्या संसर्गात बहुतेकदा सापडणारा आतड्यातला जंतू, निकामी करू लागलाय. या औषधांच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं, सगळी ताकद त्यात. ‘ईएसबीएल’ नावाची जंतूंची विकरं (एन्झाइम) ते कडंच तोडतात. ती बनवण्याची कृती प्लाझमिड या डीएनएच्या छोट्या वेटोळ्यावर असते आणि एक जंतू ती शेजारच्याला, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही, देऊन टाकतो.

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, लघवी तुंबते. शंभरातल्या 2 ते 10 गर्भवतींच्या लघवीत जळजळ नाही, ताप नाही, तरी जंतू सापडतात. मला हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते. उपचार झाले नाहीत, तर त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग चढतो आणि बाळ वेळेआधी जन्मण्याची भीती वाढते. म्हणून त्रास नसला तरी सुरुवातीलाच कल्चर करावं.

नमुना पहिली धार सोडून मधल्या धारेचा हवा आणि लगेच पोचवायला हवा. पोषक वातावरणात ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे उन्हात राहिलेली बाटली खोटं बोलते.

रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. थंडी वाजून ताप असेल तर डॉक्टर तेवढं थांबत नाहीत, औषध सुरू करतात. पण नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. घरातल्या उरलेल्या पाकिटातली एखादी गोळी आधीच पोटात गेली, तर जंतू बशीत उगवेनासे होऊ शकतात, आणि मग टिकल्या ठेवायच्या कशावर?