रुळांची रुंदी आणि रोमन घोडे

‘रोमन रथाच्या दोन घोड्यांच्या रुंदीवरून जगभरातल्या रेल्वे रुळांमधलं अंतर ठरलं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, कारण घोड्याचा संबंध थोडा खरा आहे.

इंग्लंडच्या कोळसा खाणींत घोडे ओढत त्या वॅगनींच्या रुळांत साधारण 4 फूट 8 इंच अंतर असे. रेल्वे अभियंता जॉर्ज स्टीफन्सनने तेच अंतर इंजिनांसाठी घेतलं, पुढे अर्धा इंच वाढला. झाले 1,435 मिलिमीटर. रोमपासून इथपर्यंत अखंड साखळी दाखवणारा पुरावा मात्र नाही. त्याच इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीने सात फूट अंतराचे रूळ टाकले होते. 1846 साली कायदा करून वाद मिटवावा लागला.

आणि ‘जगभर’? आपल्या खानदेशातच बघा. भुसावळची मुख्य लाईन साडेपाच फुटी, 1,676 मिलिमीटर. पाचोरा–जामनेरची लाडकी छोटी गाडी धावली ती अडीच फुटी रुळांवर, 762 मिलिमीटर. अरुंद रूळ म्हणजे लहान पूल, तीव्र वळणं, कमी खर्च. कापूस-धान्याच्या तालुक्यांना तेवढं पुरे.

खात्री करायचीय? रेल्वे संग्रहालयातल्या रुळांवर टेप लावा. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. चालू लाईनवर मात्र कधीच उतरू नका.