चव्वेचाळीस नेट: हॅम रेडिओच्या जाळ्यांचे आयपी पत्ते (बेळगाव सीमाभाग)

हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, आपली संगणक-जाळी इंटरनेटला जोडता यावीत म्हणून ४४ या आकड्याने सुरू होणारे बहुतेक आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांचे क्रमांक) वेगळे राखलेले आहेत. या जाळ्याला ‘४४ नेट’ किंवा ‘अँपरनेट’ म्हणतात. पत्ता मिळतो तो परवान्यावर, गाव किंवा राज्य पाहून नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीचा हॅम आणि हद्दीपलीकडच्या चंदगडचा हॅम यांना एकाच दारातून अर्ज करावा लागतो. दोघांच्या संज्ञाही (रेडिओवरची ओळख, म्हणजे कॉलसाइन) बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३नेच सुरू होतात.

१९८१ साली हॅम हँक मॅग्नुस्की यांनी, तेव्हा इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या जॉन पोस्टेल यांच्याकडून, हौशी पॅकेट रेडिओसाठी (रेडिओवरून माहिती तुकड्यातुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत पाठवण्यासाठी) हा अख्खा पट्टा मिळवला. त्यात १,६७,७७,२१६ पत्ते होते. पुढे ब्रायन कँटर यांनी अनेक वर्षे तो सांभाळला आणि ‘अ‍ॅमेच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स’ (एआरडीसी) ही ना-नफा संस्था उभी राहिली. २०१९ मध्ये संस्थेने ४४.१९२पासून पुढचा चौथा हिस्सा अ‍ॅमेझॉनला विकला. त्या पैशातून आज जगभर अनुदाने मिळतात, हे खरे. पण जगभरच्या हॅमना आधी न विचारता हा सौदा झाला याची खंत अनेकांना आहे, आणि ती रास्त आहे.

पत्ता मिळवणे सोपे आहे. दूरसंचार विभागाच्या, रेडिओचे परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना हाती हवा. एआरडीसीच्या पोर्टलवर संज्ञेची पडताळणी करून घ्यायची आणि काय उभारणार ते लिहून पट्टा मागायचा. घरच्या नोडला (जाळ्यातल्या ठाण्याला) आठ किंवा सोळा पत्ते पुष्कळ झाले. आपले पत्ते स्वतःच्या एएस क्रमांकावरून (इंटरनेटवरच्या स्वतंत्र जाळ्याचा क्रमांक), बीजीपीने (जाळी एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) थेट जाहीर करायचे असतील तर निदान २५६ पत्त्यांचा, म्हणजे /२४चा, पट्टा आणि संस्थेचे संमतिपत्र लागते.

खरी कसोटी राउटिंगची, म्हणजे पॅकेटांची वाट ठरवण्याची. पत्ता आपला असला तरी घरच्या आयएसपीला (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला) तो परका. ४४ने सुरू होणारे पॅकेट आपल्या लाइनवरून थेट बाहेर सोडले की बहुतेक आयएसपी ते खोट्या पत्त्याचे समजून टाकून देतात. म्हणून पॅकेटात पॅकेट घालून ते टनेलने पाठवायचे. जुनी रीत आयपीआयपी टनेलची: सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेटवे वर्षानुवर्षे सगळ्या नोडांच्या वाटा रिप या राउटिंग-पद्धतीच्या संदेशांतून कळवत आला. एकाच पत्त्यामागचे ग्राहक वेगळे ओळखायला पोर्ट क्रमांक लागतात, ते या टनेलला नसतात. त्यामुळे राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान दिसला, तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि आयपीआयपी चालणार नाही, असे ओळखावे. तिथे यूडीपीवर, म्हणजे पोर्ट क्रमांकांसह चालणारे वायरगार्ड टनेल उपयोगी पडते.

नवख्याचे दिवसचे दिवस जातात ते परतीच्या वाटेपायी. बाहेरून पिंग (चाचणीचे पॅकेट) टनेलमधून आत येतो, टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या साधनात डोळ्यांनी दिसतो, पण उत्तर नेहमीच्या लाइनने निघते आणि वाटेत मरते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ४४च्या पॅकेटांसाठी वेगळे राउटिंग टेबल करून ‘उगमाचा पत्ता ४४ असेल तर वाट टनेलची’ एवढा एक नियम घातला की सारे सुरळीत होते.

वायरगार्ड मजकूर सांकेतिक करते. इंटरनेटवर ते चालते, हौशी रेडिओच्या लहरपट्ट्यांवर मात्र मजकूर उघडाच हवा. टनेलचे टोक म्हणूनच घरात संपवायचे आणि तिथून पुढे रेडिओ.

या भागात तो ‘पुढे’ सोपा नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून बेळगाव शहर स्वच्छ दिसते, त्यामुळे तिथून गच्चीवरच्या डिशला सरळ नजर मिळते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे वळले की सह्याद्रीचे दाट रान आडवे येते, आणि पावसाळ्यात भिजलेली पाने ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल गिळतात. तिथे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा अधिक तग धरतो, मात्र जुन्या पॅकेट मोडेमचा वेग सेकंदाला १,२०० बिटच.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांना महापूर आला. अशा दिवसांचा विचार करूनच शेजारच्या नोडांची वाट आखावी. येळ्ळूरहून खानापूरला जाणारे पॅकेट इंटरनेटवरून फेरी का मारेल? राउटर नेहमी नेमकी वाट आधी निवडतो. शेजाऱ्याचा /२९, म्हणजे आठ पत्त्यांचा, पट्टा रेडिओच्या इंटरफेसवर नोंदवला की बाकीचे ४४ टनेलने जाते, तेवढे रेडिओने. आणि फायबर तुटले तरी ती ओळ टेबलात राहते.